कंपनी फिटिंगची बेअरिंगं

समोरच्याचा ट्रक ते न विचारता उचलायचे. उलटा करायचे, एक चाक कानाशी न्यायचे, तर्जनीनं त्याला टिचकी द्यायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. चाक गरगरत थांबेपर्यंत आपण श्वास रोखून उभे. मग डोळे उघडून, एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगायला आलेल्या माणसाच्या आवाजात ते म्हणायचे, "रडतंय."

बस, एवढंच. तुमचा नवाकोरा, आत्ताच खोक्यातून काढलेला, बायकोची नजर चुकवून आणलेला रिमोटचा ट्रक, आणि त्याच्यावर निकाल काय, तर रडतंय.

ट्रक म्हणजे खेळण्यातलाच, पण पोराटोरांचा नव्हे. हातभर लांब, बॅटरीवर पळणारा, मातीच्या ढिगावरून उसळी मारून चार चाकांवर उतरणारा. थेरगावात आमचं पन्नाशीच्या बाप्यांचं एक छोटं टोळकं दर रविवारी सकाळी हे ट्रक उडवतं. हसायचं असेल तर हसून घ्या. आमच्या बायका अजून हसतात.

मी या माणसाला ओळखत होतो ते त्याआधीपासून. चाकणच्या कंपन्यांना जेवण पुरवणं हा माझा धंदा. त्यातल्या एका कंपनीत हे क्वालिटीला होते. बाहेरून येणारा माल तपासायचा आणि पास करायचा, असं त्यांच्या कामाचं स्वरूप कागदावर होतं. त्यातला दुसरा भाग त्यांनी फारसा मनावर घेतला नव्हता. नाव सांगत नाही. सांगितलं तर अर्ध्या औद्योगिक पट्ट्यातले सप्लायर हातातला चहा सांडतील. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो.

एकदा माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी ताटातली चपाती उचलली, दोन बोटांत धरून कडेनं गोल फिरवली आणि परत ठेवली.

"एका बाजूला जाड आहे."

"साहेब, खायची आहे. गाडीला लावायची नाही."

"आज एका बाजूला जाड आहे," ते म्हणाले, "उद्या?"

या "उद्या?"ला जगात उत्तर नाही. मी शोधलंय. चपात्या लाटणाऱ्या बायकांना मी दुसऱ्या दिवशी उगाचच लाटण्याचे दाब समजावून सांगत बसलो, आणि त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती अजून विसरलेलो नाही.

निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या खात्यातल्या पोरांनी गंमत केली. शाल झाली, नारळ झाला, मोठ्या साहेबांचं भाषण झालं, आणि शेवटी पोरांनी त्यांच्या हातात एक भलं मोठं खोकं ठेवलं. आत लाल रंगाचा रिमोटचा ट्रक. जन्मभर ट्रकच्या सुट्या भागांत गेलेल्या माणसाला अख्खा ट्रक, अशी ती कल्पना. टाळ्या पडल्या. साहेबांचे डोळे पाणावले असं मला वाटलं, कारण त्यांनी ते मिटले होते. पण बघतो तर चाक कानाशी. माईक समोर चालू होता, त्यामुळे ती खरखर सगळ्या हॉलला ऐकू गेली.

"हे आलं तेव्हा कोणी बघितलं?" साहेबांनी विचारलं.

एवढंच त्यांचं निरोपाचं भाषण. मी जेवणाच्या काउंटरमागे गुलाबजामचं पातेलं धरून उभा होतो, म्हणून पडलो नाही.

मंडळी, त्या ट्रकनं या माणसाला आमच्यात आणून सोडलं. मी आणि ते थेरगावात एकाच बिल्डिंगमध्ये राहायला, त्यामुळे पळून जायची सोय नव्हती. आम्ही खेळायचो ती जागा आबांची. आबा गावातल्या जुन्या घरातले. आजूबाजूच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले, पण हा तुकडा भावकीच्या वादात अडकून राहिला आणि आमचं फावलं. आबा रोज सकाळी तिथं बाजेवर येऊन बसत. "खेळा की. बिल्डर येईस्तवर तुमचंच हाय," असं त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. दुसरा गडी दिलीप. मूळचा लातूरचा, चाकणला पेंट शॉपमध्ये सुपरवायझर. साहेब पहिल्यांदा खेळायला आले त्याच आठवड्यात त्यानं निळा ट्रक घेतला होता आणि त्याची बॅटरी रात्रभर चार्ज करून, अंघोळ करून, ट्रकला हार घालून तो आला होता. खरंच हार. झेंडूचा.

साहेबांनी हार बाजूला केला, चाक कानाशी नेलं.

"रडतंय."

"आवो साहेब, एक चक्कर तर मारू द्या की."

"असा कसा मारू देऊ?"

आणि जमिनीवर जुनी चादर अंथरून त्यांनी तो ट्रक उघडला. दिलीप शेजारी हार हातात घेऊन उभा. त्या क्षणाचा ज्यानं फोटो काढला त्यानं माझ्यावर फार उपकार केलेत. ऑपरेशन थिएटरबाहेर नवरा उभा असावा तसा दिलीप दिसतोय.

आता हे बेअरिंग प्रकरण थोडक्यात सांगतो, म्हणजे तुम्हीही आमच्याइतकेच वैतागाल. या ट्रकच्या प्रत्येक चाकात दोन बेअरिंगं असतात, करंगळीच्या नखाएवढी. दोन कड्या आणि मधे छर्रे, की चाक झालं मोकळं. पण ट्रक बनवणाऱ्यानं मोटरवर खर्च केलेला असतो, रंगावर केलेला असतो, खोक्यावरच्या चित्रावर तर सढळ हातानं केलेला असतो, आणि बेअरिंगपर्यंत येता येता त्याचा उत्साह संपलेला असतो. छर्रे ओबडधोबड, ग्रीस नावाला, झाकण असून नसल्यासारखं. ही कंपनी फिटिंगची बेअरिंगं. ती खरखरतात, अडखळतात, पण ट्रक पळतो. आम्हाला पळणारा ट्रक पुरत होता.

"चालतंय की साहेब," मी एकदा म्हणालो.

"चालतंय म्हणजे चांगलं आहे असं नाही."

हे त्यांचं दुसरं वाक्य. "रडतंय"नंतर "चालतंय म्हणजे", की आमचा रविवार संपला. आठवड्याच्या गोळ्या ठेवायचा तो कप्प्यांचा डबा असतो ना, सोमवार ते रविवार, त्यात या गृहस्थांनी मापाप्रमाणे चांगली बेअरिंगं भरून ठेवली होती. बीपीच्या गोळ्या खिशात सुट्या, लिमलेटसारख्या. साहेबांच्या बायको, आमच्या वहिनी, कपाळाला हात लावायच्या. आम्ही चादरीभोवती उकिडवे बसून, उघड्या पडलेल्या आमच्या ट्रककडे बघत, कुणाची पाळी कधी येते याची वाट पाहायचो. काढलेली जुनी बेअरिंगं एका बिस्किटाच्या डब्यात जायची. ती आमची, पण परत मागायची सोय नव्हती.

आणि यातला सगळ्यात असह्य भाग सांगू? ते बरोबर असायचे. बेअरिंगं बदलली की ट्रक असा सळसळत जायचा, जसा तेल लावलेल्या परातीतून लाडू घरंगळावा. माणूस चुकत असेल तर सहन करता येतो हो. बरोबर असून वर "सांगत होतो" असं तोंड करून बसणाऱ्याचं काय करायचं?

रिक्षात बसले तरी तेच. एकदा आम्ही दोघं डांगे चौकाकडे निघालो होतो. साहेब पुढे वाकले आणि ड्रायव्हरच्या कानात म्हणाले, "पुढचं चाक रडतंय." त्यानं आरशात पाहिलं. "काका, उतरायचंय का?" साहेब उतरले. भर रस्त्यात. मलाही उतरवलं. रिक्षावाल्यानं जाता जाता माझ्याकडे ज्या सहानुभूतीनं पाहिलं, तेवढी माझ्या सख्ख्या भावानं कधी दाखवली नाही.

असं सगळं चाललेलं असताना वहिनींना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू.

वहिनी ब्लाउज शिवायच्या. आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या बायकांची मापं त्यांच्या बोटांत होती, कागदावर काही नसायचं. बोलायला मोकळ्या, हसायला पहिल्या. साहेबांसारख्या माणसाबरोबर संसार करायचा तर हसायला येणं हा भाग सक्तीचाच असणार. त्या दिवशी माझी गाडी दारात होती म्हणून मीच दोघांना हॉस्पिटलमध्ये नेलं. वॉर्डबॉयनं वहिनींना स्ट्रेचरवर घेतलं, ढकलायला लागला, आणि स्ट्रेचरचं एक चाक कुरकुरलं. साहेब खाली बसले. कॉरिडॉरमध्ये, गुडघ्यांवर, चाकाला हात लावून.

"ओ काका, बाजूला व्हा," नर्स ओरडली.

"हे बदलायला पाहिजे," साहेब म्हणाले. "हे असं नाही चालणार. हे बदला आधी."

मी त्यांना काखेत हात घालून उठवलं. उठतानाही त्यांनी चाक सोडलं नव्हतं. त्या वेळी पहिल्यांदा मला त्यांच्यावर वैतागता आलं नाही, आणि ते मला फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

वहिनी घरी आल्या. चालायला लागल्या, बोलणं तर आधीसारखंच ठणठणीत झालं, पण उजव्या हाताची बोटं मुठीत वळून राहिली. फिजिओथेरपीची मुलगी घरी यायची. ती म्हणायची, काकू, बोट आवळणं जमेल, उघडणं अवघड जाईल, तिथंच खरी मेहनत आहे. तिनं दिलेला स्पंजचा चेंडू वहिनींनी दोन दिवसांत गॅलरीतून खाली फेकला. डाव्या हातानं. "लहान बाळ आहे का मी?" मग त्या मुलीची नजर कोपऱ्यातल्या लाल ट्रकवर गेली. रिमोट पिस्तुलासारखा असतो. घोडा ओढला की ट्रक पळतो, सोडला की मोटर बंद होते, पुढे ढकलला की ब्रेक लागतो. बाकीचे तो डाव्या हातात धरतात, काकूंनी उजव्यात धरावा, ती म्हणाली. रोज चालवा. ओढा, सोडा, ओढा, सोडा.

वहिनींना हे आवडलं. इतकी वर्षं नवऱ्याला दुसऱ्यांचे ट्रक उघडताना पाहिलं होतं, आता चालवायला मिळणार होतं. पुढच्या रविवारी त्या प्लॉटवर आल्या. आबांनी त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणवली. वहिनी खुर्चीत बसल्या, उजव्या हातात रिमोट नीट बसवून घेतला, आणि म्हणाल्या, "हं, द्या."

ट्रक चादरीवर उघडा पडला होता.

"तुझ्यासाठी जरा नीट करतोय," साहेब म्हणाले.

त्या रविवारी ट्रक झाला नाही. पुढच्याही नाही. मग चांगली बेअरिंगं मागवली होती ती आली, पण साहेबांना ती पसंत पडेनात. वहिनी रिमोट घेऊन बसलेल्या, ट्रक नाही. नुसताच घोडा ओढायच्या आणि सोडायच्या. आम्ही दुसरीकडे बघायचो. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, मला ट्रक चालवायचाय, पास करायचा नाहीये."

आबा बाजेवरून म्हणाले, "द्या की वो, कवाचं बसवलंय त्या माउलीला."

"होतंय," साहेब म्हणाले.

आणि झाला. एका रविवारी त्यांनी तो लाल ट्रक वहिनींच्या पायाशी ठेवला, एखाद्यानं सोन्याचा हार ठेवावा तसा. चाकाला टिचकी दिली तर ते फिरतंय की उभं आहे हे कळेना, इतकं शांत. वहिनींनी घोडा ओढला. ट्रक सुटला. काय सुटला म्हणून सांगू, बाण. वहिनी बोट उघडायला बघतायत, बोट उघडेना. उघडलं तोवर ट्रक निम्म्या प्लॉटपलीकडे, आणि मोटर बंद पडली तरी तो काही थांबेना. साहेबांची कलाकुसर ना ती. चाकं मोकळी, ब्रेकपर्यंत बोट पोचत नाही, ट्रक आपला सळसळत जातोय, आणि गेला आबांच्या गवताच्या गंजीत.

आम्ही काढून आणला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो दिलीपच्या नडगीवर आदळला. "काई नाई वैनी, लागलं नाई," दिलीप एका पायावर उड्या मारत म्हणाला. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला.

"नाही जमायचं मला हे."

पुढच्या रविवारी त्या आल्या नाहीत. माझी बायको वरून त्यांना भेटून आली, म्हणाली, व्यायामच सोडलाय त्यांनी, त्या मुलीलाही उद्यापासून येऊ नको म्हणाल्या. हात पदराखाली ठेवून बसतात.

मी तडक चादरीपाशी गेलो. साहेब ट्रक उघडून बसले होते.

"काय करताय?"

"मागचं एक जरा अडतंय असं वाटतं. तिथं चुकतंय. जपानी मागवतो."

आता मी जात्याच नाटकी माणूस. गणपतीत मंडळाच्या नाटकात खलनायक मीच असतो. पण त्या दिवशी मी जो ओरडलो त्यात नाटक नव्हतं. "साहेब, वहिनींचा हात जातोय आणि तुम्हाला चाक दिसतंय." आबा बाजेवर उठून बसले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, ऐकलं, आणि पुन्हा खाली बघून स्क्रू काढायला लागले. तुम्ही सांगा, अशा माणसाचं काय करायचं?

मी आणि दिलीपनं मग कट केला. दिलीपनं तसलाच एक ट्रक आणला, सीलबंद, साहेबांची सावलीही न पडलेला. मी वर जाऊन वहिनींना म्हणालो, वहिनी, माझ्यासाठी एकदा या, नाहीतर मी खाली जाऊन साहेबांचं काहीतरी बरंवाईट करीन आणि तुम्हाला पोलीस चौकीत यावं लागेल. त्या आल्या. चेहरा कसनुसा, हात पदराखाली. दिलीपनं खोकं फोडलं आणि ट्रक सरळ मातीत ठेवला.

साहेब चादरीवरून उठले. "बघू."

"नाही," वहिनी म्हणाल्या. "ह्याला हात लावायचा नाही."

घोडा ओढला. ट्रक निघाला, आणि काय तो आवाज. खर्र खर्र, कुईं, खर्र. पत्र्याच्या छतावरून खाट ओढत नेल्यासारखा. साहेबांचा चेहरा दाढ उपटताना होतो तसा. ट्रक काही बाण नव्हता, म्हातारा बैल होता. रडत, अडखळत चालला होता. वहिनींचं बोट हळूहळू उघडलं. घोडा सुटला, आणि ट्रक तिथल्या तिथं उभा राहिला.

वहिनींनी पुन्हा ओढला. खर्र. सोडला. उभा.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्या मोठ्यानं हसल्या. कितीतरी दिवसांनी. आबांनी बाजेवर बसल्या बसल्या मांडीवर थाप मारली. दिलीप माझ्याकडे, मी दिलीपकडे. कट यशस्वी झाला होता, पण का झाला ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं. आम्हाला वाटलं, साहेबांच्या तावडीतून सुटलेला ट्रक मिळाल्याचा आनंद असेल. कळलं ते एकट्या साहेबांना. ते ट्रककडे बघत नव्हते, वहिनींच्या बोटाकडे बघत होते. बराच वेळ. मग चादरीवर परत जाऊन बसले आणि लाल ट्रकचे स्क्रू गपचूप लावायला लागले.

जाता जाता मला म्हणाले, "अडतंय म्हणून थांबतंय."

"काय?"

"तिला अडणारंच पाहिजे."

त्यानंतरचे रविवार या माणसानं कसे काढले असतील, देव जाणे. वहिनी रोज संध्याकाळीसुद्धा तो ट्रक बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये चालवायला लागल्या. खर्र खर्र, कुईं. साहेब शेजारी खुर्ची टाकून बसलेले, कानात कापूस. कापूस, खरंच. मी खिडकीतून बघायचो आणि माझा दिवस साजरा व्हायचा. फिजिओवाली मुलगी पुन्हा यायला लागली होती.

मग एक चाक पुरतंच अडकलं. बेअरिंगच ते, किती दिवस टिकणार? आम्ही म्हटलं, आता आली साहेबांची पाळी, घालतील जपानी. तर रविवारी साहेब तो बिस्किटाचा डबा घेऊन हजर. आमची सगळी जुनी, त्यांनी स्वतः काढून टाकलेली कंपनी फिटिंगची बेअरिंगं चादरीवर ओतली आणि एकेक उचलून कानाशी धरायला लागले.

"हे नको. हे बरं आहे."

दिलीपनं माझा दंड धरला.

"हेही नको. हे बऱ्यापैकी फिरतंय." एक उचललं, फिरवलं, तोंड वेडंवाकडं केलं. "हं. हे अगदी वाईट आहे." आणि ते जपून बाजूला ठेवलं, रुमालावर.

"साहेब," दिलीप म्हणाला, "माझ्या ट्रकमधलं हाय का त्ये?"

"तुमचंच आहे."

"बगा, मी म्हनलं नव्हतं? भारी होतं."

पुढं त्यांचा व्याप वाढला. कोणी नवा ट्रक घेतला की आधी फोन: काढलेली टाकून देऊ नका. चाकणहून, राजगुरुनगरहून ट्रक उडवणारी माणसं आपली टाकाऊ बेअरिंगं या गृहस्थांकडे पोचती करायला लागली. त्यातलीही ती निम्मी परत करायचे. पुरेशी वाईट नाहीत म्हणून. जन्मात पहिल्यांदा कोणी आपल्या मालाला चांगला म्हणून नाकारतंय, याचं काय करावं हे लोकांना समजत नसे. एकानं मला बाजूला घेऊन विचारलं, "काकांचं सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, नाही, पण तुम्ही देऊन जा.

पावसाळा संपता संपता मला एक जाणवलं. पार्किंगमधून येणारी खरखर जरा बारीक झाली होती. मी साहेबांना गाठलं.

"आवाज कमी झालाय."

"कशाचा?"

"साहेब."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "पुढचं डावं बदललं. आता बोट लवकर उघडतंय तिचं. थोडं मोकळं चालेल." मग माझ्याकडे बोट रोखून, "तिला सांगायचं नाही. सांगितलं की मुद्दाम ताठ होईल."

असं चाललं होतं. वहिनींचं बोट जरा सुटलं, की हे एक चाक मोकळं करणार. पुढची दोन्ही झाली. मग बरेच दिवस काही नाही. मग मागचं एक. मी विचारायचो, शेवटचं कधी? "घाई नाही," असं उत्तर यायचं. बघा म्हणजे. ज्यांनी दिलीपचा हार घालून आणलेला ट्रक आडवा केला, ते म्हणतायत घाई नाही. मी जिन्यातून उतरताना एकटाच चरफडत होतो.

दिवाळी झाली आणि थंडीतल्या एका सकाळी साहेब चहा पिता पिता गेले. हृदय बंद पडलं. आधी काही कुरकुर नाही, तक्रार नाही. पोचवायला आम्ही सगळे होतो. आबा काठी टेकत आले होते. दिलीप स्मशानात एका बाजूला उभा राहून सारखं नाक पुसत होता आणि धुराला शिव्या देत होता.

रविवारी प्लॉटवर आम्ही जायचो, पण ट्रक काढल्यासारखं करून घरी यायचो. कोणाचा ट्रक कसा वाजतोय हे सांगणारं कोणी नव्हतं आणि मला ते फार आवडेल असं मी कैक वर्षं समजत होतो.

महिना-दीड महिन्यानं वहिनी आल्या. एकट्या, चालत, हातात ट्रक. आबांनी खुर्ची पुढे केली.

"भावजी," त्या मला म्हणाल्या, "मागचं एक राहिलंय ना? घालून द्या."

मी गडबडलो. "वहिनी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला काय कान नाहीत?" त्या म्हणाल्या. "आवाज एकेक पायरी उतरत होता. उतरला की मी समजायचे, आपण पास झालो. तोंडानं एकदा तरी म्हणाले असते तर शपथ. शेवटचं तेवढं राहून गेलं." त्यांनी ट्रक माझ्यापुढे धरला. "आता त्यांची वाट बघून काय उपयोग? मला येतंय थांबवता."

गोळ्यांचा तो डबा त्यांनी बरोबर आणला होता. मी चादर नसल्यानं मातीतच बसलो. चाक काढलं, जुनी बेअरिंगं काढली, नव्यातलं एक बसलं, दुसरं खाचेवर ठेवलं. ते आत जाईना. मी दिलीपकडे हात पुढे केला, त्यानं छोटी हातोडी दिली.

"अहो, ठोकताय काय? ठोकलं की मेलं ते. इकडे द्या."

त्यांनी ट्रक माझ्या हातातून काढून मांडीवर घेतला. डाव्या हातानं तो धरला. बेअरिंग खाचेवर सरळ ठेवलं, आणि त्याच्यावर उजवा अंगठा टेकवला. अंगठा आधी वाकडा पडला. त्यांनी उचलून पुन्हा टेकवला. आबा काठीवर पुढं वाकले. मग त्यांनी खालचा ओठ दातांत धरला आणि दाबलं, सगळीकडून सारखं, हळूहळू, आणि बेअरिंग आत जाऊन बसलं.

चाक लावलं. ट्रक मातीत ठेवला. घोडा ओढला तसा तो आवाज न करता सुटला, बाणासारखा, गवताच्या गंजीच्या रोखानं. दिलीपनं सवयीनं पाय वर घेतला. गंजीच्या वीतभर अलीकडे वहिनींच्या बोटानं घोडा पुढे ढकलला आणि ट्रक जागच्या जागी उभा राहिला. वहिनींनी तो वळवला, परत आणला, खुर्चीच्या पायाशी थांबवला, आणि पुन्हा सोडला.